काडतुसांचा दुष्काळ आणि हौशी नेमबाज

युद्ध पेटले म्हणजे सामान्य माणसाच्या घरातून कोणकोणत्या वस्तू नाहीशा होतात याची यादी केली, तर तीत साखर, रॉकेल, कापड, सायकलचे टायर या वस्तू हटकून येतील. रेशनच्या दुकानापुढे उभे राहून ज्यांनी दिवस काढले त्यांना ती यादी तोंडपाठ असते. परंतु युद्धामुळे बंदुकीची काडतुसे दुर्मिळ होतात असे कोणी म्हटले, तर ऐकणाऱ्यास प्रथम नवलच वाटेल. कारण युद्धकाळात कारखाने रात्रंदिवस जी वस्तू तयार करीत असतात ती हीच. तथापि घडते ते असेच. एकीकडे काडतुसांचा पूर वाहत असतो, आणि दुसरीकडे रविवारी गावाबाहेरच्या चांदमारीवर जाऊन पुठ्ठ्याच्या लक्ष्यावर नेम धरणाऱ्या हौशी माणसाला काडतुसांची एक डबीही मिळत नाही. अमेरिकेत हा प्रसंग १९४२ साली आला, कोरियाच्या युद्धात पुन्हा आला, आणि चालू शतकात तर त्या देशाच्या भूमीवर कोणतेही युद्ध नसताना वारंवार आला. त्यातून तेथील हौशी नेमबाजांनी कशी वाट काढली, आणि ती वाट कोठे खुंटली, हा इतिहास नेमबाजीशी संबंध नसणाऱ्यांनाही विचार करावयास लावणारा आहे.

हे समजून घेण्यासाठी काडतुसाची रचना आधी ध्यानात घेतली पाहिजे. काडतुसाची अंगे चार. एक पितळेची पुंगळी, तिच्या तोंडाशी घट्ट बसविलेली गोळी, जी नुसत्या शिशाची असते किंवा तिच्यावर तांब्याचे वेष्टण असते, आत दारू, आणि पुंगळीच्या बुडाशी तुरीच्या दाण्याएवढी धातूची टोपी, जिला व्यवहारात प्रायमर म्हणतात. चाप ओढला की बंदुकीतील खिळा या टोपीवर आपटतो, तिच्यातील स्फोटक मिश्रण भडकते, त्याची ज्वाला छिद्रावाटे दारूत शिरते आणि गोळी सुटते. या टोपीमागचे तत्त्वही एका हौशी माणसालाच सुचले होते. स्कॉटलंडमधील बेलहेल्वी येथील पाद्री अलेक्झांडर फोर्सिथ यांना पाणपक्ष्यांच्या शिकारीचा नाद होता. चकमकीच्या बंदुकीत ठिणगी पडून धूर निघे, तो पाहून पक्षी गोळी सुटण्यापूर्वीच बुडी मारीत किंवा उडून जात. या त्रासाला कंटाळून त्यांनी आघाताने पेटणाऱ्या मिश्रणाचा उपयोग शोधून काढला आणि १८०७ साली त्याचे एकस्व मिळविले. ठासणीच्या बंदुकीला पुढे जी तांब्याची टोपी बसू लागली तिचे मूळ यात आहे.

या चार अंगांपैकी पुंगळी बार उडाल्यावर शिल्लक राहते आणि नीट जपली तर अनेक वेळा भरता येते. गोळी घरच्या साच्यात ओतता येते. दारू कोरड्या जागी ठेवली तर वर्षानुवर्षे टिकते. टोपी मात्र एकदा फुटली की संपली, आणि ती घरी करणे हे शहाण्या माणसाचे काम नव्हे. तिच्यातील मिश्रण इतके संवेदनशील असते की ते हाताळण्यास स्वतंत्र कारखाना, शिकलेले कामगार आणि कडक शिस्त लागते. पुढच्या साऱ्या हकिगतीत ही टोपी पुन्हा पुन्हा आडवी येणार आहे.

आणखी एक गोष्ट. टोप्यांचे दोन प्रकार १८६६ च्या सुमारास प्रचारात आले. एक अमेरिकन बर्डनचा, दुसरा इंग्रज बॉक्सरचा. नियतीची गंमत अशी की अमेरिकन माणसाची टोपी युरोपने उचलली आणि इंग्रजाची अमेरिकेने. बॉक्सरच्या पद्धतीत पुंगळीच्या बुडाला मध्यभागी एकच छिद्र असते. त्यातून बारीक सळई घातली की वापरलेली टोपी अलगद बाहेर पडते. बर्डनच्या पद्धतीत ही सोय नाही. अमेरिकन नेमबाज काडतुसे पुन्हा भरण्याच्या उद्योगाकडे इतक्या सहजपणे वळला, त्यात या एका छिद्राचा वाटा मोठा आहे.

काडतुसे घरी भरण्याची चाल त्या देशात जुनी. १८७० नंतरच्या दशकात पठारी प्रदेशात रानगव्यांच्या शिकारीवर पोट भरणारे लोक रात्री शेकोटीशी बसून शिसे वितळवीत, गोळ्या ओतीत आणि दिवसभरात रिकाम्या झालेल्या पुंगळ्या पुन्हा भरून ठेवीत. दुकान शेकडो मैल दूर असल्यावर दुसरा इलाज नव्हता. पुढे रेल्वे आली, टपालाने माल येऊ लागला, कारखान्यांची काडतुसे स्वस्त झाली आणि घरी भरण्याची कला मागे पडली. नेमबाजीला सरकारचाही आश्रय होता. आपले सैनिक नेमात कच्चे आहेत अशी खंत यादवी युद्धातून परतलेल्या अधिकाऱ्यांना होती. त्यांनी १८७१ साली नॅशनल रायफल असोसिएशन स्थापन केली, आणि १९०३ साली सरकारने नेमबाजीच्या प्रसारासाठी एक मंडळ नेमले. या मंडळामार्फत मंडळ्यांना लष्कराच्या रायफली व काडतुसे मिळत. आज त्या असोसिएशनचे नाव राजकारणाशी जोडलेले ऐकू येते. तिचा जन्म मात्र नेम सुधारण्याच्या साध्या हेतूने झाला होता.

सामान्य माणसाचे खरे काडतूस म्हणजे पॉइंट टू-टू, ०.२२ इंची. शाळकरी मुलांचा सराव त्यावर, शेतकऱ्याचा बंदोबस्त त्यावर, ऑलिंपिकच्या स्पर्धाही त्यावर. ते सर्वांत स्वस्त, परंतु त्यात एक उणीव आहे: याची टोपी स्वतंत्र नसते, स्फोटक मिश्रण पुंगळीच्या काठातच भरलेले असते. म्हणून ते पुन्हा भरता येत नाही. गरिबाच्या वाट्याला आलेले काडतूस नेमके असे की जे एकदाच वापरावे आणि टाकून द्यावे.

१९४१ च्या डिसेंबरात पर्ल हार्बरवर हल्ला झाला आणि अमेरिका युद्धात उतरली. पुढील महिन्यात युद्धोत्पादन मंडळ स्थापन झाले, आणि १९४२ मध्ये नागरिकांसाठी काडतुसे तयार करणे जवळजवळ बंद पडले. त्या युद्धात अमेरिकेने लहान शस्त्रांची सुमारे ४,१०० कोटी काडतुसे तयार केली. एवढ्या पुंगळ्यांना लागणारे तांबे आणावयाचे कोठून? १९४३ साली तर एक सेंटचे नाणेसुद्धा तांब्याऐवजी जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादाचे पाडावे लागले. जेथे सरकारला नाण्यापुरते तांबे काढून देणे परवडत नव्हते, तेथे रविवारच्या छंदासाठी ते कोण देणार? शेतकऱ्यांना आणि पशुपालकांना पिकांच्या व गुरांच्या रक्षणासाठी थोडीबहुत काडतुसे मिळत. बाकीच्यांनी घरातील जुन्या डब्या मोजून ठेवल्या.

या टंचाईत लोकांनी काय काय केले त्याची हकीगत मोठी मनोरंजक आहे. चांदमारीच्या मागच्या मातीच्या बंधाऱ्यात वर्षानुवर्षे गोळ्या रुतून बसलेल्या असतात; ती माती चाळून लोकांनी शिसे काढले. मोटारीच्या चाकांचा तोल साधण्यासाठी लावलेली शिशाची वजने, जुने नळ, छापखान्यातील झिजलेले खिळे, सारे मुशीत गेले. छापखान्याच्या धातूत अँटिमनी आणि कथील असल्यामुळे गोळी कठीण होते, हे अनेकांना त्या वेळी प्रथम कळले असेल. काही उतावळ्यांनी आगकाड्यांच्या गुलापासून टोप्या भरून पाहिल्या. त्यांचे बार बहुधा फुसके जात, आणि बंदुकीच्या नळ्या गंजत त्या वेगळ्याच.

याच टंचाईत दोन माणसांना एक युक्ती साधली. टू-टूच्या काडतुसाची पुंगळी टाकाऊ, हे वर आलेच. ती पितळी नळी दाबून, तिचा काठ सरळ करून, आत शिसे बसविले, तर मोठ्या बंदुकीच्या वेगवान गोळीचे वेष्टण तयार होते. कॅलिफोर्नियातील ओरोव्हिल गावी फ्रेड हंटिंग्टन नावाचा तरुण वडिलांच्या धुलाईच्या कारखान्यात काम करी. त्या भागातील खडकाळ कुरणांत रॉक चक नावाचा, बिळात राहणारा, घुशीहून बराच मोठा असा प्राणी आढळतो. त्याच्या शिकारीला लागणाऱ्या गोळ्या बाजारात मिळेनात, म्हणून हंटिंग्टनने १९४३ मध्ये धुलाईच्या कारखान्याच्या मागच्या बाजूस गोळ्या दाबण्याचे साचे बनविण्यास आरंभ केला. त्याच्या कंपनीचे आरसीबीएस हे नाव त्या प्राण्याच्या नावावरूनच आले आहे. दुसरा माणूस व्हर्नन स्पीअर. त्यानेही टू-टूच्या रिकाम्या पुंगळ्यांवर प्रयोग करून गोळ्या विकावयास प्रारंभ केला आणि आयडाहो राज्यातील लुइस्टन येथे आपले बिऱ्हाड व कारखाना थाटला. जी पुंगळी पुन्हा भरता येत नाही म्हणून लोक तुडवीत चालत, तिची गोळी झाली. टंचाईच्या इतिहासात याहून चपखल उदाहरण क्वचितच सापडेल.

स्पीअरचा एक काळचा सहकारी जॉइस हॉर्नेडी हा नेब्रास्कातील ग्रँड आयलंड येथे राहत असे. युद्धकाळात तेथील दारूगोळ्याच्या कारखान्याच्या पहारेकऱ्यांना नेमबाजी शिकविण्याचे काम त्याच्याकडे होते. १९४९ साली त्याने स्वतंत्रपणे गोळ्यांचा धंदा उघडला. परंतु गोळी आणि पुंगळी यांचा प्रश्न सुटला तरी दारूचे काय? तिची सोय कॅन्ससच्या ब्रूस हॉज्डनने केली. युद्ध संपताच लष्कराकडे दारूचा प्रचंड साठा शिल्लक राहिला. त्यात ४८९५ या क्रमांकाची दारू होती, जी लष्करी रायफलीच्या काडतुसांत भरीत. हॉज्डनने आपल्या आयुर्विम्यावर कर्ज काढले आणि ५०,००० पौंड दारू एकदम विकत घेतली. पन्नास हजार पौंड म्हणजे सुमारे २२,७०० किलो. ठेवावयाची कोठे? त्याने आगगाडीचा एक जुना मालडबा एका कुरणात नेऊन उभा केला आणि तेच कोठार केले. मासिकात जाहिरात दिली, मुलांना हाताशी धरले, आणि पिंपांतील दारू डब्यांत भरून देशभर पाठविण्यास सुरुवात केली. एक पौंड दारूत लष्करी मापाची सुमारे १४० काडतुसे भरतात. म्हणजे त्या एका डब्यात ७० लाख बार साठविलेले होते. विम्यावर कर्ज काढून दारू घेणारा गृहस्थ शेजाऱ्यापाजाऱ्यांना काय वाटला असेल याची कल्पना करावी. परंतु त्या स्वस्त दारूमुळेच युद्धानंतरच्या पिढीतील हजारो बेताच्या मिळकतीच्या माणसांना हा छंद परवडला.

उरली टोपी. १९५० मध्ये कोरियाचे युद्ध सुरू झाले आणि टोप्या बाजारातून गेल्या. पुंगळ्या धुऊन ठेवल्या आहेत, गोळ्या ओतल्या आहेत, दारूचे डबे फळीवर आहेत, आणि टोप्या नाहीत म्हणून सारे जागच्या जागी, अशी स्थिती झाली. येथे घरगुती हिकमतीला जागाच नव्हती. तेव्हा व्हर्ननचा भाऊ डिक स्पीअर आणि आर्व्हिड नालंड यांनी १९५१ साली लुइस्टन येथेच कॅस्केड कार्ट्रिजेस नावाची कंपनी काढून टोप्या तयार करण्यास सुरुवात केली. सीसीआय या नावाने ती पुढे जगभर प्रसिद्ध झाली. हौशी लोकांनी मोठ्या कारखानदारांच्या हातातून काडतुसाचे चौथे अंगही सोडवून घेतले ते असे. मात्र ते घरात बसून नव्हे, तर स्वतः कारखानदार होऊन, ही गोष्ट नजरेआड करून चालणार नाही.

त्याच सुमारास अटलांटिकच्या पलीकडे याहून कठीण अवस्था होती. पराभूत जर्मनीत दोस्तांनी नागरिकांच्या बंदुका जमा केल्या होत्या. तेथे गावोगावच्या नेमबाज मंडळ्यांची परंपरा कित्येक शतकांची; परंतु बंदूकच नाही तेथे काडतुसाची काय कथा! पन्नाशीच्या दशकाच्या आरंभी पश्चिम जर्मनीत हवेच्या बंदुकीला मुभा मिळाली आणि मंडळ्यांनी तिच्यावर दहा मीटरच्या अंतराचा खेळ उभारला. त्यांचा राष्ट्रीय संघ १९५१ मध्ये पुन्हा स्थापन झाला. ओबेर्नडॉर्फ येथे माउझरच्या बंद पडलेल्या कारखान्यातील दोन अभियंत्यांनी फाइनवेर्कबाऊ ही कंपनी काढली होती. तिने १९६१ साली जवळजवळ धक्का न देणारी हवेची रायफल बाजारात आणली. हवेच्या बंदुकीला दारू नको, टोपी नको, पितळ नको. चिमूटभर शिशाचा छर्रा पुरे. निरुपायाने पत्करलेला हा प्रकार १९६६ साली जागतिक स्पर्धेत आणि १९८४ मध्ये ऑलिंपिकमध्ये समाविष्ट झाला.

भारताच्या दृष्टीने या घटनेचे महत्त्व फार आहे. आपल्याकडे १९५१ सालीच नॅशनल रायफल असोसिएशन स्थापन झाली, आणि तिचे पहिले अध्यक्ष होते लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव मावळंकर. मावळंकरांचा जन्म बडोद्याचा, हे तेथील मराठी वाचकांस सांगणे नकोच. त्यांच्या नावाची नेमबाजी स्पर्धा आजही भरते. परंतु भारतीय नेमबाजास अमेरिकन माणसाची वाट कधीच मोकळी नव्हती. १९५९ च्या शस्त्र कायद्याने परवान्यावाचून काडतूस तयार करण्यास मनाई आहे, आणि ते योग्यच म्हटले पाहिजे. पुण्याजवळच्या खडकीच्या कारखान्यात बारा बोअरची काडतुसे होत असली, तरी स्पर्धेच्या दर्जाची काडतुसे परदेशातून आणावी लागतात. परवाना, कोटा आणि परकीय चलन या तिन्ही दारांतून ती यावयाची. म्हणून हवेच्या रायफलीवर येथील पोरे अधिक संख्येने पुढे आली, यात आश्चर्य नाही. अभिनव बिंद्रा यांचे २००८ चे सुवर्णपदक त्याच प्रकारातले. टू-टूच्या खर्चिक प्रकारात कोल्हापूर जिल्ह्याने तेजस्विनी सावंत यांच्या रूपाने २०१० साली जगज्जेतेपद मिळविले आणि स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ मध्ये पॅरिसला कांस्यपदक घेतले. त्या पदकांमागे मोजूनमापून झाडलेली किती आयात काडतुसे असतील, याचा हिशेब सहसा कोणी विचारीत नाही.

आता पुन्हा अमेरिकेकडे वळावयाचे. साठीच्या दशकानंतर तेथे काडतुसांची चैन होती. घरी भरणारे होते, पण ते काटकसरीपेक्षा आवडीने. २००८ च्या नोव्हेंबरात बराक ओबामा निवडून आले आणि आता बंदुकांवर निर्बंध येणार अशा धास्तीने खरेदीची पहिली लाट उसळली. ती ओसरते न ओसरते तोच १४ डिसेंबर २०१२ रोजी कनेक्टिकटमधील न्यूटाउन येथे सँडी हूक शाळेत एका तरुणाने वीस बालके आणि सहा प्रौढ यांची गोळ्या घालून हत्या केली. कायदा कडक होणार हे दिसताच दुकानांतील फळ्या रिकाम्या होऊ लागल्या. वीस मुलांच्या मृत्यूची वार्ता ऐकून कोणाला आपल्या घरातील काडतुसांचा साठा आठवावा, ही गोष्ट त्या छंदाला भूषणावह नाही, आणि तेथील कित्येक नेमबाजांनाही ती लज्जास्पद वाटली असेल.

यावेळी सर्वांत अधिक आणि सर्वांत दीर्घ काळ नाहीसे झाले ते टू-टू. वॉलमार्टसारख्या मोठ्या दुकानाने एका गिऱ्हाइकास तीन डब्यांची मर्यादा घातली. सकाळी दुकान उघडण्यापूर्वी रांगेत उभे राहावयाचे, मिळेल तेवढे घ्यावयाचे आणि दुपारी दुप्पट-तिप्पट दराने विकावयाचे, असा धंदा करणारे निघाले. आपल्याकडे ज्याला काळाबाजार म्हणतात तो हाच. अफवांनाही ऊत आला. सरकारच सारी काडतुसे विकत घेऊन लोकांची कोंडी करीत आहे, असे अनेकांनी मानले. २०१४ च्या जानेवारीत सरकारी हिशेबतपासनिसांच्या अहवालात अंतर्गत सुरक्षा खात्याची खरेदी उलट घटत आल्याचे दिसून आले. मिसूरीतील हर्क्युलेनियमची शिशाची भट्टी २०१३ च्या अखेरीस बंद पडली तेव्हा आता शिसेच संपले अशी हाकाटी झाली. वस्तुतः काडतुसांना लागणारे शिसे बहुतांशी जुने वितळवून मिळत होते. टू-टू चार वर्षे मिळेना याचे कारण साधे होते. कारखाने पूर्ण वेगाने चालत होते, पण ज्याला पूर्वी एक डबी पुरे तो दहा घेऊन ठेवू लागला. धान्याच्या बाबतीत हे आपण पाहिलेलेच आहे.

पुढे २०१६ नंतर धास्ती मावळली, मागणी कोसळली, आणि रेमिंग्टनसारख्या जुन्या कंपनीने २०१८ मध्ये व पुन्हा २०२० मध्ये दिवाळखोरी जाहीर केली. तिचा आर्कान्सामधील लोनोक येथील काडतुसांचा कारखाना त्या गडबडीत मंदावला होता, नेमका त्याच वर्षी करोनाचा कहर झाला. २०२० मध्ये बंदूक खरेदीसाठी करावयाच्या चौकशा ३ कोटी ९६ लाखांवर गेल्या. प्रथमच बंदूक घेणारे ८४ लाख असावेत असा व्यापारी संघटनेचा अंदाज होता. या नवख्यांपैकी प्रत्येकाने पन्नास काडतुसांच्या दोनच डब्या घेतल्या असे धरले, तरी ८४ कोटी काडतुसे एकाएकी जादा लागली. पिस्तुलाचे जे नऊ मिलिमीटरचे काडतूस वर्षापूर्वी वीस सेंटच्या आत मिळे, ते २०२१ च्या आरंभी सत्तर-ऐंशी सेंटना, कोठे एका डॉलरलाही गेले. हजार टोप्या तीस-पस्तीस डॉलरना मिळत त्या शंभरावर गेल्या. त्यात सप्टेंबर २०२१ पासून रशियन काडतुसांच्या नव्या आयातीवर बंदी आली, आणि स्वस्त मालाचा तो मार्गही बंद झाला.

चढत्या किमतीची झळ कोणाला लागते हे आकड्यांत मांडले तर स्पष्ट दिसते. आठवड्यास टू-टूची दोनशे काडतुसे झाडणाऱ्या मुलाला चार सेंटच्या दराने वर्षाला सुमारे ४१६ डॉलर लागत. चौदा सेंटच्या दराने १,४५६. श्रीमंताच्या मुलाला या फरकाने काही होत नाही. दुसऱ्याचा सराव निम्म्यावर येतो, मग महिन्यातून एकदा, आणि मग तो मैदानावर दिसेनासा होतो. त्यातल्या शहाण्यांनी आजोबांच्या युक्त्या पुन्हा उकरून काढल्या. बंदूक रिकामी असल्याची दोनदा खात्री करून, भिंतीवरील ठिपक्यावर नेम धरून नुसता चाप ओढण्याचा सराव हा त्यांतील सर्वांत स्वस्त, आणि जाणत्यांच्या मते सर्वांत फलदायी. कोणी हवेची बंदूक घेतली, कोणी सामन्यातील बारांची संख्या कमी केली, कोणी दहा जणांत मिळून माल मागविला. काडतुसे भरण्याची हातयंत्रे घेण्यासाठी तर झुंबड उडाली. परंतु यंत्र विकत घेऊन घरी आलेल्या नवशिक्याला लवकरच कळून चुकले की टोप्या कोठेच नाहीत. चाकांची वजनेही आता अनेक ठिकाणी जस्ताची किंवा पोलादाची झालेली. १९५१ सालची अडचण सत्तर वर्षांनी जशीच्या तशी उभी राहिली.

याचे कारण मालकीतही शोधावे लागेल. अमेरिकेत टोप्या मोठ्या प्रमाणावर करणाऱ्या नावाजलेल्या कंपन्या चार: फेडरल, विंचेस्टर, रेमिंग्टन आणि सीसीआय. त्यांपैकी फेडरल आणि सीसीआय एकाच व्हिस्टा आउटडोअर या कंपनीच्या, आणि २०२० मध्ये लोनोकचा कारखानाही तिनेच ८ कोटी १४ लाख डॉलरना लिलावात घेतला. टंचाईतून स्वतंत्रपणे जन्मलेले स्पीअर बंधूंचे दोन्ही कारखाने केव्हाच त्या एका छत्राखाली गेले होते. २०२४ च्या नोव्हेंबरात व्हिस्टाचा काडतुसांचा सारा व्यवसाय चेकोस्लोव्हाक ग्रुप या प्राग येथील कंपनीने विकत घेतला. लुइस्टनच्या कोंबडीच्या अंड्यांइतक्या साध्या बाजारात सुरू झालेला धंदा आज मध्य युरोपातून चालतो.

आणि दारू? धूर न करणाऱ्या दारूचा मूळ घटक नायट्रोसेल्युलोज. तो सरकीला चिकटून राहणाऱ्या कापसाच्या आखूड तंतूंपासून करतात. २०२२ मध्ये युक्रेनचे युद्ध सुरू झाल्यापासून तोफांच्या गोळ्यांसाठी या पदार्थाची मागणी युरोपभर वाढली, आणि २०२४ च्या आरंभी अमेरिकन कंपन्यांनी जागतिक टंचाईचे कारण देऊन दारूचे भाव चढविले. हॉज्डन कंपनी अजून कॅन्ससमध्ये आहे आणि अजून ४८९५ क्रमांकाची दारू विकते. मालडब्यातील लष्करी साठा केव्हाच संपला. डब्यावरचा आकडा तोच आहे. आतली दारू ऑस्ट्रेलियातील मुलवाला येथील कारखान्यात तयार होऊन जहाजाने येते.